पाण्याचे रिपोर्ट चांगले येतायत, मग बोअरसाठी अजून काय करायचं?

थोडक्यात प्रश्न असा आहे: वस्तीला पाणी दोन बोअर आणि एका जुन्या विहिरीवरून येतं, वर्षातून दोनदा तपासणी होते आणि आजवर रिपोर्ट चांगलेच आलेत, पण आता चढाच्या बाजूला एका प्लॉटवर गाड्यांचं वर्कशॉप आणि इंधनाची टाकी येतेय, त्याच्या पलीकडे मोठा गोठा आहेच, तर पाणी समितीने किती अंतराचा आग्रह धरायचा आणि तपासण्या वाढवल्या तर भागेल का. मी भूजलाच्या कामात बरीच वर्षं आहे त्यामुळे जरा सविस्तरच लिहितो, कारण "अमुक इतके मीटर" असं सांगून मोकळं होणं सोपं आहे पण त्याने तुमचं पाणी वाचणार नाही.

आधी तपासणीचं बोलू. तपासण्या वाढवाच, पण तपासणी पाण्याला वाचवत नाही हे पक्कं लक्षात असू द्या. रिपोर्ट म्हणजे त्या दिवशी त्या बाटलीत काय होतं एवढंच. जमिनीत उतरलेली घाण अजून वाटेत असेल तर रिपोर्ट चांगलाच येणार, आणि ज्या दिवशी तो वाईट येईल तोपर्यंत ते पाणी लोकांच्या पोटात गेलेलं असतं. शिवाय नदीचं पाणी एका पुरात बदलतं, भूजल तसं बदलत नाही, नायट्रेट (शेण, मैला आणि खतातून पाण्यात उतरणारा क्षार) किंवा तेलाचं प्रदूषण एकदा खाली गेलं की वर्षानुवर्षं, कधी दशकानुदशकं राहतं, आणि ते काढायचा खर्च ते होऊ न देण्याच्या खर्चाच्या कितीतरी पट असतो. म्हणून समितीचं लक्ष दोन ठिकाणी पाहिजे, बोअरच्या तोंडावर आणि त्याला पाणी देणाऱ्या जमिनीवर. त्यातली जमीन हीच खरी अवघड गोष्ट आहे, कारण ती तुमची नसते.

आता पाणी येतं कुठून. बऱ्याच जणांना वाटतं खाली पाण्याची धार वाहतेय आणि आपला पाइप त्यात सोडलाय. चुनखडीच्या गुहांचे भाग सोडले तर तसं नसतं. वाळूच्या कणांमधल्या पोकळीत नाहीतर खडकाच्या भेगांमध्ये पाणी भरलेलं असतं आणि ते हळूहळू सरकत असतं, पंप चालू झाला की बोअरभोवतीची पातळी नरसाळ्यासारखी खाली ओढली जाते आणि आसपासचं पाणी तिकडे वळतं. त्यात भूजलाला स्वतःचा उतार असतो, त्यामुळे वरच्या अंगाचं पाणी लांबून लांबून बोअरपर्यंत येतं आणि खालच्या अंगाचं थोड्याच अंतरावरचं येतं. म्हणजे बोअरला पाणी देणारा पट्टा गोल नसून एका बाजूला लांब गेलेला असतो, आणि तुमच्याकडची ती इंधनाची टाकी नेमकी त्याच बाजूला येतेय.

भूजलाचा उतार बहुतेक वेळा जमिनीच्या उताराबरोबर जातो, पण नेहमी नाही, म्हणून अंदाजावर राहू नका. पहाटे पंप सुरू व्हायच्या आधी आजूबाजूच्या विहिरी आणि बोअरमधली पातळी टेप सोडून मोजा, प्रत्येक तोंडाची उंची एका ठरलेल्या खुणेपासून लेव्हल लावून काढा आणि त्यातून पाण्याची खोली वजा करा. एका रेषेत नसलेली तीन ठिकाणं मिळाली तरी पाणी कुठल्या दिशेला सरकतंय ते कळतं. मात्र तिन्ही ठिकाणं एकाच थरातलं पाणी दाखवणारी पाहिजेत, उथळ विहीर आणि खोल बोअर मिसळलं की दिशा चुकते. हे पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा करायचं. पहिल्यांदा एखादा जाणकार सोबत घ्या, पुढच्या वेळी तुमची पोरं आरामात करतील.

अंतराचा प्रश्न खरं तर वेळेचा प्रश्न आहे. रोगजंतू जमिनीखाली कायम जगत नाहीत, म्हणून जर्मनीत जुन्या काळापासून असा नियम आहे की ज्या जमिनीवरून बोअरपर्यंत पाणी यायला ५० दिवसांपेक्षा कमी लागतात तिथे गोठा, शोषखड्डे, घरं असलं काही नको. इंग्लंडमध्येही आतला पट्टा ५० दिवसांचा, आणि कमीत कमी ५० मीटर, त्याच्या बाहेर ४०० दिवसांचा दुसरा पट्टा, आणि मग पाणी मुरतं ते सगळं क्षेत्र. अमेरिकेत १९८६ साली पिण्याच्या पाण्याच्या कायद्यात दुरुस्ती करून प्रत्येक राज्याला विहिरींभोवती असे पट्टे आखायचा कार्यक्रम करायला सांगितलं. सगळीकडे विचार एकच, की घाणीला पोचायला इतका वेळ लागला पाहिजे की एकतर ती वाटेत मरेल नाहीतर आपल्याला काही करायला वेळ मिळेल. एक सांगून ठेवतो, काही विषाणू ५० दिवसांच्या पुढेही टिकतात, त्यामुळे हा आकडा म्हणजे हमी नाही.

कच्चा हिशेब तुम्ही कागदावर करू शकता. समजा बोअरमधून रोज ५०० घनमीटर पाणी उपसलं जातं, पाणी देणारा थर २० मीटर जाड आहे आणि तो वाळूचा आहे, पोकळी साधारण २० टक्के. ५० दिवसांत २५,००० घनमीटर पाणी निघालं, ते भागिले २० गुणिले ०.२ म्हणजे ४, आलं ६,२५० चौरस मीटर, म्हणजे जवळपास ४५ मीटर त्रिज्येचं वर्तुळ. एका वर्षाचं काढलं तर १२० मीटर, पाच वर्षांचं २७० मीटर. आता तेच पाणी कठीण खडकाच्या भेगांमधून येत असेल तर पोकळी २ टक्के किंवा त्याहूनही कमी असते, २ टक्के धरले तरी ५० दिवसांचं वर्तुळ एकदम १४० मीटरवर जातं, आणि खरं सांगायचं तर भेगांच्या खडकात वर्तुळ हा प्रकारच फसवा आहे कारण एखादी सलग भेग लांबच्या शेतातून थेट तुमच्या बोअरमध्ये उघडत असू शकते. म्हणून बोअर मारताना ड्रिलरने कुठल्या खोलीला काय लागलं याची जी नोंद केली असेल ती शोधून काढा, कुठे माती संपली, कुठे खडक लागला, पहिलं पाणी किती फुटांवर लागलं. ती नोंद नसेल तर ड्रिलरला विचारून, शेजारच्या बोअरवाल्यांना विचारून जमेल तेवढी लिहून ठेवा. मला कुणी फक्त एकच कागद मागायला सांगितला तर मी पाण्याच्या रिपोर्टच्या आधी हा कागद मागेन.

कॅनडातल्या वॉकरटन नावाच्या गावाचं उदाहरण या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं आणि तुमच्या समितीलाही माहीत असावं. वस्ती पाच हजारांच्या आसपास. तिथली पाच नंबरची विहीर उथळ होती, केसिंग, म्हणजे भोकाच्या भिंतीला धरून आत उतरवलेला पाइप, फक्त ५ मीटरपर्यंत, आणि पाणी त्याच्या जरा खालच्या भेगाळलेल्या खडकातून यायचं, वर मातीचा थर पातळ. जवळच्या शेतात शेणखत टाकलेलं. मे २००० मध्ये काही दिवस जोरदार पाऊस पडला, खतातले जंतू भेगांमधून विहिरीत गेले, क्लोरिन पुरेसं नव्हतं, आणि २,३०० च्या वर लोक आजारी पडले, ७ जण गेले. पुढे जी चौकशी झाली तिच्यात त्या शेतकऱ्याला दोष दिलेला नाही, त्याने खत नीट, चांगल्या पद्धतीनेच वापरलं होतं. दोष निघाला तो विहिरीच्या जागेत, पाणी चालवणाऱ्यांनी क्लोरिनच्या खोट्या नोंदी करण्यात, आणि त्यांच्यावर नीट लक्ष न ठेवण्यात. मला यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग शेतकऱ्याचा वाटतो. कुणी वाईट वागत नसतानाही पाणी बिघडू शकतं, त्यामुळे वर्कशॉपवाल्याशी किंवा गोठेवाल्याशी बोलताना तो गुन्हेगार आहे असं गृहीत धरून जाऊ नका.

जमिनीचं पुढे बोलतो, पण त्याआधी बोअरचं तोंड, कारण तिथली कामं स्वस्त आहेत आणि याच आठवड्यात होतात. पावसाच्या दुसऱ्या दिवशी तिथे जा, कोरड्या दिवशी नको. केसिंगभोवतीच्या काँक्रीटच्या कट्ट्याला उकिडवं बसून बघा, काँक्रीट आणि पाइप जिथे भेटतात तिथे बारीक गोल फट पडलेली असते, नख जाईल एवढी, आणि तिच्या कडेने ओला डाग दिसतो, पाणी तिथून आत जातंय. मग वरची टोपी बघा. पंपाची केबल जिथून आत जाते ते भोक बहुतेक वेळा केबलपेक्षा मोठं असतं आणि कुणीतरी त्यात चिंधी कोंबलेली असते, त्या चिंधीत मुंग्या, गोगलगायी, पालीची अंडी असं सगळं असतं आणि पाऊस आला की ते सगळं आत. त्याला रबराची ग्लँड लावायची, हवेसाठी पाइप ठेवायचा तो खाली वाकवून त्याला बारीक जाळी लावायची. टोपी काढली की एक आरसा घेऊन ऊन आत पाडा, साधा हातातला आरसा, उजेड सरळ खाली जातो आणि केसिंग संपतं तिथपर्यंत भिंत दिसते. केसिंगच्या सांध्यावर किंवा शेवटच्या टोकाखाली ओले ओघळ दिसले, किंवा कान लावल्यावर पाणी ठिबकल्याचा आवाज आला, तर वरचं पाणी बाहेरच्या बाजूने उतरतंय असं समजा. त्याचं कारण असं की बोअरचं भोक केसिंगपेक्षा मोठं असतं आणि मधली पोकळी सिमेंट किंवा बेंटोनाइटने, म्हणजे पाण्यात फुगणाऱ्या चिकणमातीने, भरायची असते, घाईत ती नुसत्या ड्रिलिंगच्या चुऱ्याने भरून टाकतात. ही पोकळी भरलेली नसेल तर तुमचा २०० फुटी बोअर पाण्याच्या दृष्टीने उथळच आहे.

केसिंग जमिनीच्या वर किमान फूटभर, आणि जिथे पाणी तुंबतं तिथे पुराच्या खुणेच्याही वर पाहिजे, कट्ट्याला बाहेरच्या बाजूला उतार पाहिजे, भोवती कुंपण पाहिजे म्हणजे जनावरं येत नाहीत. पंपघरात डिझेलचा कॅन, कीटकनाशक, रंगाचे डबे ठेवू नका, हे इतक्या ठिकाणी बघितलंय की सांगावंसं वाटतं. आणि कुणी त्याच पाइपलाइनवर खत सोडायची किंवा फवारणीची टाकी जोडली असेल तर नॉन रिटर्न व्हॉल्व आहे का बघा, नसेल तर लाइट गेली की टाकीतलं औषध उलटं ओढलं जाऊन सरळ बोअरमध्ये जातं. जुन्या विहिरीचं सांगायचं तर तिला कठडा, झाकण आणि भोवती पक्की फरशी एवढं तरी झालंच पाहिजे, आणि उघडीच राहणार असेल तर ती पिण्याच्या लाइनवरून काढा, माझं स्पष्ट मत आहे.

यानंतर बंद पडलेले बोअर शोधा. हा भाग सगळे विसरतात. पाणी लागलं नाही म्हणून सोडून दिलेला, वर नुसता दगड ठेवलेला बोअर म्हणजे वरच्या गटारातून खालच्या थरात जाणारा तयार पाइप, माती, मुरूम, सगळं गाळायचं काम वगळून. त्यात लहान मूल पडायचा धोका वेगळाच. म्हाताऱ्या माणसांना विचारा, जुने फोटो बघा, शेतात गवतात लपलेले पाइप शोधा आणि नकाशावर मांडा. ते बुजवताना वरून माती, कचरा ढकलायचा नाही, तो मध्येच अडकतो आणि खाली पोकळी राहते. पाइप तळापर्यंत सोडून सिमेंटचा घोळ किंवा बेंटोनाइट खालून वर भरत यायचं, आणि वरचे एक-दोन मीटर मातीने बंद करून नोंद ठेवायची. समितीकडे थोडेच पैसे असतील तर माझ्या मते एक जादा तपासणी कमी करा पण वरच्या अंगाचा एक उघडा बोअर बुजवा.

आता जमिनीवरचे धोके. सगळे धोके सारखे वागत नाहीत आणि इथेच अंतराचे नियम लोकांना गोंधळात टाकतात. शौचालय आणि सेप्टिक टँकच्या घाणीतले जंतू वेळेने मरतात, म्हणून तिथे अंतर आणि मधला मातीचा थर काम करतो, शोषखड्ड्याचा तळ पावसाळ्यातल्या सर्वात वरच्या पाणीपातळीच्या बराच वर पाहिजे, पाण्यातच बसलेला शोषखड्डा असेल तर अंतराचा आकडा जवळपास निरर्थक होतो. पण त्याच घाणीतला नायट्रोजन नायट्रेट होऊन पाण्याबरोबर चालत राहतो, तो मातीला चिकटत नाही आणि ऑक्सिजन असलेल्या थरात संपतही नाही. गोठ्याचा शेणाचा ढीग, मुताचं पाणी, शेतातला जादा युरिया, सगळं शेवटी तिथेच येतं. म्हणून गोठ्याला फक्त लांब ठेवून भागत नाही, शेण पक्क्या तळावर, छपराखाली, आणि सांडपाणी टाकीत गोळा झालं पाहिजे, आणि ते शेतात टाकायचं तर पीक उभं असताना, गरजेएवढं, मोठ्या पावसाच्या तोंडावर कधीच नाही.

नायट्रेटच्या रिपोर्टमध्ये एक गोष्ट नक्की बघा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम आहे पण ती पूर्ण नायट्रेट म्हणून मोजलेली. काही लॅब फक्त त्यातला नायट्रोजन मोजून आकडा देतात आणि तेव्हा तीच मर्यादा साधारण ११ असते. रिपोर्टवर १५ दिसलं आणि ५० च्या खाली आहे म्हणून समिती निवांत बसली, आणि ते नायट्रोजन म्हणून असलं तर खरं नायट्रेट ६६ आहे. लॅबला फोन करून विचारा. ही मर्यादा मुख्यतः बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांसाठी आहे, त्यांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद कमी होते, आणि पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून वाढतं.

इंधनाची टाकी हा वेगळ्याच जातीचा धोका आहे. पेट्रोलमध्ये साधारण एक टक्का बेंझीन धरलं तर एका लिटरमध्ये सात ग्रॅमच्या आसपास, आणि पिण्याच्या पाण्यात बेंझीनची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. म्हणजे हिशेबाने एका लिटर पेट्रोलमधलं बेंझीन सात लाख लिटर पाणी मर्यादेपर्यंत न्यायला पुरतं. प्रत्यक्षात काही उडून जातं, काही जंतू खातात, पण प्रमाण किती भयंकर आहे ते समजून घ्या. कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहराला १९९६ मध्ये पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या एमटीबीई नावाच्या रसायनामुळे विहिरी बंद कराव्या लागल्या आणि त्यांचा जवळपास निम्मा पाणीपुरवठा गेला, कारण जमिनीखालच्या टाक्या आणि पाइप गळत होते. पेट्रोल-डिझेल पाण्यावर तरंगतं, पण वर्कशॉपमध्ये पार्ट धुवायला जी क्लोरिनवाली सॉल्व्हंट वापरतात ती पाण्यापेक्षा जड असतात, ती थेट थराच्या तळाला जाऊन भेगांमध्ये बसतात आणि तिथून विरघळत राहतात. ती काढणं फार म्हणजे फारच अवघड. मला टाकीपेक्षा त्या सॉल्व्हंटच्या डब्याची जास्त काळजी वाटते, कारण टाकीला निदान परवानगी लागते, डब्याकडे कुणी बघत नाही.

त्यामुळे त्या प्लॉटबद्दल माझं उत्तर असं. जागा पाणी देणाऱ्या पट्ट्यात असेल आणि दुसरीकडे हलवणं शक्य असेल तर हलवा, त्यासाठी जोर लावा, बांधकामाच्या आधी हे बोलणं दहा पट सोपं असतं. हलत नसेल तर टाकी जमिनीवर पाहिजे म्हणजे गळती डोळ्याला दिसेल, दुहेरी भिंतीची किंवा खाली अशा पक्क्या हौदात की टाकीतलं सगळं इंधन आणि वर थोडं जास्त मावेल, हौदाला तळातून भोक नको, पावसाचं पाणी तपासूनच काढायचं. भरायच्या जागी काँक्रीट, कारण मोठ्या गळतीपेक्षा रोजचं थोडं थोडं सांडणं जास्त होतं. वापरलेलं ऑइल बंद ड्रममध्ये छपराखाली, गटारात किंवा शोषखड्ड्यात वर्कशॉपची एकही नळी नको, क्लोरिनवाली सॉल्व्हंट अजिबात नकोत, पाण्यावर चालणारे क्लीनर मिळतात. आणि त्याच्या आणि तुमच्या बोअरच्या मध्ये एक लहान निरीक्षण बोअर घ्या, तिथे वर्षातून काही वेळा नमुना घ्यायचा, म्हणजे बातमी तुम्हाला नळाच्या आधी मिळेल. हे सगळं लेखी करा, दोघांच्या सहीने.

लोकांशी बोलताना पैशांचा विषय टाळू नका. जर्मनीत म्युनिक शहराला बहुतेक पाणी मांगफाल खोऱ्यातून येतं, आणि तिथल्या पाणी कंपनीने १९९२ पासून खोऱ्यातल्या शेतकऱ्यांना सेंद्रिय शेतीकडे वळायला पैसे दिले, मालाला बाजार मिळवून द्यायला मदत केली. खालच्यांच्या पाण्यासाठी वरच्याने नुकसान सोसायचं आणि खालच्यांनी फक्त नियम दाखवायचे हे टिकत नाही. तुमच्याकडे म्युनिकएवढे पैसे नसतील, पण गोठ्याच्या पक्क्या तळाला सिमेंट देणं, शेणाची टाकी बांधायला श्रमदान करणं, हे जमतं, आणि त्या माणसाला समितीत घ्या. तो पाण्याचा राखणदार झाला तर तुमच्या दहा चकरा वाचतात.

तपासणी कधी करायची यावरही बोलतो. पहिल्या मोठ्या पावसानंतर दोन-तीन दिवसांत जंतूंसाठी नमुना घ्या, कारण बोअर कमकुवत असेल तर तेव्हाच पकडला जातो, उन्हाळ्यातला चांगला रिपोर्ट फारसं काही सांगत नाही. बाटली लॅबने दिलेली निर्जंतुकच, नळाचं तोंड जाळून, थोडं पाणी सोडून, थंड ठेवून त्याच दिवशी पोचवायची. १०० मिलिलिटरमध्ये एकही ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जंतू, नको. रोज किंवा आठवड्याला तुम्ही स्वतः मोजू शकता अशा गोष्टी म्हणजे गढूळपणा आणि विद्युतवाहकता (पाण्यात क्षार किती विरघळलेत याचा अंदाज), वाहकतेचा हातातला मीटर मिळतो. पावसानंतर एका दिवसात वाहकता किंवा गढूळपणा हलला तर वरचं पाणी झटपट आत येतंय, मग रिपोर्ट चांगला असला तरी. नायट्रेट आणि क्लोराइडचे आकडे एका वहीत तारखेने लिहा आणि आलेख काढा, ८ चे १४, १४ चे २१ झाले तर मर्यादेत असूनही ती धोक्याची खूण आहे. आर्सेनिक आणि फ्लोराइड हे बहुतेक वेळा खडक आणि गाळातूनच येतात, वरच्या घाणीशी संबंध नसतो, बांगलादेशात जंतूंपासून वाचायला लाखो कूपनलिका घेतल्या आणि आर्सेनिक निघालं, म्हणून नवीन बोअर सुरू करायच्या आधी हे दोन्ही तपासायचेच.

क्लोरिनबद्दल काही जण म्हणतात की आमचं पाणी खोल आहे, शुद्ध आहे, क्लोरिनची गरज नाही. न्यूझीलंडमधल्या हॅवलॉक नॉर्थ गावात हेच होतं, पाणी प्रक्रिया न करता दिलं जायचं. ऑगस्ट २०१६ मध्ये जोराच्या पावसानंतर मेंढ्यांच्या विष्ठेतले कॅम्पिलोबॅक्टर जंतू बोअरमध्ये पोचले आणि पाच हजारांहून जास्त लोक आजारी पडले. त्यामुळे क्लोरिन ठेवा, अर्धा तास संपर्क मिळाल्यावर लिटरला ०.५ मिलिग्रॅम आणि शेवटच्या नळाला निदान ०.२ राहिलं पाहिजे, आणि शेवटच्या नळाला रोज मोजा, टाकीपाशी नको. क्लोरिन नायट्रेट, तेल, आर्सेनिक यातलं काहीही काढत नाही, आणि गढूळ पाण्यात जंतूंवरही नीट चालत नाही.

आणि काही घडलंच तर कोण काय करणार हे आधी ठरलेलं पाहिजे, एका पानावर, फोन नंबरांसकट. इंधनाचा टँकर वरच्या अंगाला उलटला, तर आधी सांडलेलं अडवायचं, माती-वाळूचा बांध घालून, पाण्याने धुवायचं नाही कारण धुतलं की ते खाली जातं, आणि भिजलेली माती त्याच दिवशी खणून प्लॅस्टिकवर काढायची. पाण्याला इंधनाचा वास आला तर ते पिणं-स्वयंपाक दोन्हीला बंद, आणि उकळू नका सांगायचं, वाफ घरात पसरते. बोअर एकदम कायमचा बंद करण्याआधी जाणकाराला विचारा, कधी कधी तो उपसत ठेवून पाणी बाहेर सोडलं नाही तर घाण शेजारच्या बोअरकडे वळते. वस्तीला तात्पुरतं पाणी कुठून येईल तेही आजच लिहून ठेवा.

पूर येऊन बोअरचं तोंड बुडालं असेल तर पाणी स्वच्छ दिसेपर्यंत उपसा, लाइनमध्ये न सोडता. मग क्लोरिन टाका, लिटरला ५० मिलिग्रॅमच्या हिशेबाने. १५ सेंटिमीटर व्यासाच्या बोअरमध्ये ६० मीटर पाणी उभं असेल तर ते साधारण १,००० लिटर, म्हणजे ५० ग्रॅम क्लोरिन, आणि ३० टक्क्यांची ब्लीचिंग पावडर असेल तर १७० ग्रॅमच्या आसपास. पावडर जुनी, उघडी राहिलेली असेल तर तिच्यात तेवढा दम उरलेला नसतो, नवीन आणा. बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन वरचं पाणी ओता, केसिंगच्या आतल्या भिंतीवरूनही फिरवा, १२ ते २४ तास तसंच ठेवा आणि मग क्लोरिनचा वास जाईपर्यंत उपसून ते पाणी ओढ्यात किंवा तळ्यात न जाईल अशा ठिकाणी सोडा. नमुना लगेच घेऊ नका, उरलेलं क्लोरिन जंतू लपवतं. काही दिवसांनी एक आणि त्यानंतर थोड्या अंतराने दुसरा घ्या, दोन्ही चांगले येईपर्यंत लोकांना पाणी उकळूनच प्यायला सांगायचं.